जोहर ते असर

रसूलच्या सायकल-दुकानासमोर उभ्या असलेल्या सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग आपली आपण तुटली. कुणी हात लावला नव्हता, कुणी बसलं नव्हतं. चापाखाली रद्दीचा गठ्ठा तेवढा होता आणि तोही सकाळपासून गुमान पडून होता. टक् असा बारीक आवाज झाला, चाप सैल पडला आणि स्प्रिंगचा चकचकीत तुकडा बाकड्यावर बसलेल्या लालमहंमदच्या बुटापाशी येऊन थांबला. त्याच्या गावची, तेरची, गाडी सुटायला तासभर अवकाश होता म्हणून तो उस्मानाबादच्या स्टँडासमोरच्या या ओळखीच्या दुकानात टेकला होता. त्यानं तुकडा उचलून तुटलेलं तोंड उन्हात धरलं. दाणेदार, कोरडं, जरासुद्धा न ताणलेलं तोंड. रसूल पंप टाकून धावत आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "बगा की साहेब, परवाच सोलापूरहून गिलेट करून आणली. सा वरसं गंजलेली व्हती तवा तुटली न्हाय, आन् चकचकीत झाली तर तुटली. लोखंडच हलकं निघालं म्हनायचं." लालमहंमद तुकड्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "असेल." तेवढा एक शब्द बोलून त्यानं तुकडा बाकड्यावर ठेवला आणि हात रुमालाला पुसले.

रसूलला खरं सांगायला चार वाक्यं पुरली असती. गिलेटचा मुलामा चढवण्याआधी गंज काढायला स्प्रिंग तेजाबात, म्हणजे आम्लात, बुडवतात. तेजाब लोखंडाला खातं तेव्हा हायड्रोजन वायू सुटतो. पुष्कळसा बुडबुड्यांतून उडून जातो, पण थोडा उलटा फिरतो आणि धातूच्या आत शिरतो. मग जिथं ताण असेल तिथं जाऊन बसतो, आणि तासानं, दिवसानं, आपल्या सवडीनं धातू तोडतो. लोखंड बिचारं निर्दोष असतं. पण हे बोलायचं तर आधी स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं असतं, आणि त्याच्या कातडी पिशवीत एक अहवाल होता ज्यात बरोबर रसूलचंच वाक्य इंग्रजीत, चांगल्या टाइपात, तीन पानं भरून लिहिलेलं होतं. धातूच हलका निघाला म्हणायचं. खाली सहीची जागा तेवढी कोरी होती. सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर तो सहीसकट जायचा होता, आणि आज शनिवार होता.

लालमहंमद हैदराबादेत धातूंच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होता. बाबामियाँ नालबंदाचा मुलगा शास्त्रज्ञ झाला याचं तेर गावाला केवढं अप्रूप. बैलांच्या खुरांना नाल ठोकणाऱ्याच्या घरातून निघून पोरगा विमानांच्या धातूपर्यंत पोचला, हे लोक सांगायचे तेव्हा त्यालाही बरं वाटायचं, आणि वाटू नये तरी का. टायटॅनियमवर त्याचा जीव होता. पोलादाच्या जवळपास निम्म्या वजनाचा, तरी पोलादाच्या तोडीचा. पण त्याला वेड लागलं होतं ते त्याच्या बळाचं नव्हे, त्याच्या आतल्या हालचालीचं. थंड असताना या धातूचे अणू एका पद्धतीनं बसलेले असतात, तिला अल्फा म्हणतात. तापवत नेलं की आठशे ब्याऐंशी अंशांवर तेच अणू उठतात आणि दुसऱ्या पद्धतीनं बसतात, ती बीटा. वितळणं नाही, पाझरणं नाही. बाहेरून सळई होती तशी सळई, आणि आत सगळी बैठक बदललेली. हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून बघितलं त्या दिवशी तो जेवायचं विसरला होता. आणि या सगळ्यात हायड्रोजनची लुडबूड. हा सर्वांत हलका, सर्वांत बारीक वायू टायटॅनियमच्या आत आला की ते कमी उष्णतेवरच बीटात जातं आणि तिथं जास्त वेळ रमतं. निवताना मात्र अल्फाच्या बैठकीत त्याला जागा पुरत नाही. मग तो धातूलाच धरून पातळ, ठिसूळ पापुद्रे करतो, आणि तिथं सळई तुटते. सगळ्या पुस्तकांत त्याला शत्रू म्हटलेलं. फक्त एका जर्मन लेखात, जो त्यानं शब्दकोश मांडीवर घेऊन तीन आठवड्यांत वाचला, कुणीतरी उलट करून बघितलं होतं. वायू मुद्दाम आत घ्यायचा, त्यानं धातू तापलेला असताना मऊ होतो, ठोकायला सोपा जातो. काम झालं की निर्वात भट्टीत तापवून त्याला बाहेर काढायचं. लालमहंमदला वाटे, नुसतं मऊ होऊन हे थांबणार नाही. वायू जाता जाता सगळी बैठक पुन्हा मोडते, पुन्हा बसते, आणि दाणा आधीपेक्षा बारीक होत असणार. ज्याला हाकलायचं त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं, ही कल्पनाच त्याला इतकी आवडली होती की त्यानं ती बायकोला, जमिलाबीला, भाजी निवडताना समजावून सांगितली होती. तिनंही ऐकून घेतली होती.

पण कल्पना आवडणं निराळं आणि बारा सळया तुटणं निराळं. प्रयोगशाळेत टायटॅनियम घरचंच बनायचं. भट्टीतून निघालेल्या त्याच्या राखी, सच्छिद्र गोळ्याला स्पंज म्हणत, आणि तो स्पंज बनवणारा माणूस म्हणजे गुरुसिद्धप्पा. अणदूरचा, पन्नाशीला आलेला, चौथी शिकलेला, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग. अकरा महिने भट्टीपाशी बसून त्यानं जो स्पंज जमवला, त्यात ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळून बारा सळया झाल्या. दिल्लीहून मंडळी बघायला येणार होती. सळया आम्लानं साफ करायचं काम लालमहंमदचं. दोन आम्लं मिसळायची. त्यातलं नत्राम्ल भरपूर हवं, कारण तेच हायड्रोजनला वाटेत अडवतं. नत्राम्लाचा साठा तळाला गेला होता, नवीन यायला तीन आठवडे लागणार होते, आणि सळया तर आरशासारख्या दिसायला हव्या होत्या. त्यानं होतं त्यात भागवलं. बुडबुडे नेहमीपेक्षा जास्त उठले ते त्यानं बघितले. सळया अशा चमकल्या की साहेबांनी पाठ थोपटली. पाहुण्यांसमोर वजन टांगून ठेवलेली पहिली सळई चहा चालू असताना तुटली, कुणी हात न लावता, आणि पुढच्या दोन दिवसांत उरलेल्या अकरा. साहेब म्हणाले, स्पंजच सदोष असणार. लालमहंमद गप्प राहिला. अहवाल त्यालाच लिहायला सांगितला. तो अहवाल गेला की स्पंजची भट्टी बंद होणार आणि धातू बाहेरून मागवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुसिद्धप्पा पंधरा दिवसांची रजा टाकून गावाला निघून गेला. आणि इकडं लालमहंमदला सही करवेना, म्हणून तो आईला भेटायच्या निमित्तानं तेरला निघाला.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. रस्ता खड्ड्याखड्ड्यांनी पोट हलवत होता आणि त्याच्या डोक्यात अब्बांचे खिळे आले. रसूलच्या दुकानात तेजाब आठवलं होतं त्यानं असेल. पोलीस ॲक्शन झाल्यावर एक-दोन वर्षांत निजामाच्या घोडदळाचा माल लिलावात निघाला, त्यात अब्बांनी नालाच्या खिळ्यांचं एक गंजलेलं पिंप उचललं होतं. विलायती, कडक पोलादी खिळे. त्या खिळ्यांनी बाबामियाँचं नाव पंचक्रोशीत झालं. त्यांचा खिळा खुरात मोडत नाही, असं लोक सांगत, आणि का मोडत नाही तेही सांगत. बाबामियाँ खिळ्यांवर दुवा पडू देतात. जोहरच्या नमाजापासून असरच्या नमाजापर्यंत, म्हणजे दुपार टळून ऊन उतरेपर्यंत, खिळे घरात ठेवतात आणि मगच बाहेर काढतात. दारात चार बैल ताटकळत उभे असले तरी असर झाल्याशिवाय खिळा मिळायचा नाही. हिंदू शेतकरीसुद्धा निमूटपणे भिंतीला टेकून वाट बघत. औरंगाबादला कॉलेजात गेल्यावर लालमहंमदला या गोष्टीची फार लाज वाटू लागली. एकदा होस्टेलात त्यानं ती रंगवून सांगितली, बापाची नक्कलसुद्धा केली, आणि मुलं पोट धरून हसली. अब्बा जाऊन आता चार वर्षं झाली होती. आज गाडीत बसल्या बसल्या त्याला प्रथमच प्रश्न पडला की ते खिळे दुपारभर घरात ठेवायचे म्हणजे नेमके कुठं ठेवायचे. इतकी वर्षं शास्त्र शिकून हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

घरी पोचला तेव्हा आई कुलसुमबी आणि शेजारची कोंडाबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पाणी दिलं आणि सूप पुन्हा पुढं ओढलं. तो पाणी न पिताच म्हणाला, "अम्मा, अब्बांचे खिळे दुपारचे कुठं असायचे?"

"चुलीत," कुलसुमबी म्हणाली. घरात ती दखनी बोलायची, पण कोंडाबाई असली की मराठी. "भाकरी झाल्या की गाडग्यात घालून गरम राखंत पुरायची म्या. वरून विस्तू थोडा. जोहरला पुरायचे, असरला काढायचे."

"आन् लोकं म्हनायची दुवा लागतीया," कोंडाबाई हसली. "आमच्या घरचं बी म्हनायचं."

"म्हनू द्यावं. थांबत व्हती न्हवं लोकं? राखंत ठिवलंय म्हनलं असतं तर कोन थांबलं असतं, घाई केली असती." कुलसुमबीनं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "तुझे अब्बा तोंडाचे लई गोड. हातगुन हाय म्हनायचे माझा. मी बी म्हनू दिलं."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं राखेत ठेवायचं?"

"कोन सांगनार? बब्रुवानचा बैल लंगडा झाला तवा कळलं." आणि मग तिनं सांगितलं, अगदी सावकाश, हात न थांबवता. पिंपातले पहिले खिळे अब्बांनी तेजाबात टाकून लख्ख केले होते आणि बब्रुवानच्या बैलाला ठोकले होते. दुसऱ्या दिवशी दोन खिळे खुरातच मोडले, एक आत राहिला, बैल तीन महिने बसून. "अब्बांना तुझ्या लई राग आलता. म्हनले, लिलावात ठकिवलं मला, मालच खोटा, पिंप नदीत ओतून येतो. म्या म्हनलं, थांबा. पिंप आलं तवा तुमीच एक खिळा दगडावर वाकिवला व्हता. वाकला व्हता, मोडला न्हाय. मग काल चांगलं व्हतं ते आज वाईट कसं झालं? मधी काय झालं ते बगू. आन् मधी तर आपलाच हात व्हता."

लालमहंमदनं पाण्याचा गडू खाली ठेवला.

"मग तीन खिळे घेतले," ती पुढं म्हणाली. "येक गंजका, पिंपातला तसाच. येक तेजाबातला. आन् येक तेजाबातला पन चुलीपाशी पडून राखंत गेल्याला, तो झाडताना घावला मला. तिन्ही दगडावर धरून वाकिवले. गंजका वाकला. तेजाबातला मोडला. राखंतला वाकला. लोखंडाच्या पोटात वारा धरतो तेजाबानं. ऊब लागली की निघून जातो. दुसरं काय." दुसरं काय, असं म्हणून तिनं सूप पाखडलं.

तो आईकडं बघतच राहिला. अंगावरचं रंग गेलेलं लुगडं, हाताला ज्वारीचा भुसा, आयुष्यात अलीफ-बे पलीकडं एक अक्षर न वाचलेली ही बाई. आणि तिनं केलेला तो प्रयोग त्यानं केलेल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा नेटका होता. एक बिघडलेला, एक सुधारलेला, आणि एक ज्याला हातच लावलेला नाही. हा तिसरा खिळा सुचायला त्याच्या कॉलेजात एक अख्खं वर्ष लागत असे. त्याला आईचं फार कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाच्या पाठोपाठ, चुकवता न येणारं, दुसरं काहीतरी आलं. कारण प्रयोगशाळेत त्याच्या खणातसुद्धा तसा तिसरा तुकडा होता. त्याच वितळणीचा, सळया कापताना उरलेला, आम्लात कधीच न बुडवलेला अंगठ्याएवढा तुकडा. तो वाकवून बघायला पाच मिनिटं लागली असती. पंधरा दिवस त्यानं तो खण उघडला नव्हता. तुटलेल्या सळया निर्वात भट्टीत तापवल्या तर वायू निघून जाईल, धातू वाचेल, कदाचित त्या जर्मन माणसाच्या मार्गानं आधीपेक्षा चांगलाही होईल, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण धातू वाचवायचा म्हणजे वायू नंतर शिरला हे कबूल करायचं, आणि नंतर म्हणजे त्याच्या हातून. दोन्ही गोष्टी एकच होत्या. एक लिहून दुसरी झाकता येत नव्हती. बब्रुवानचा बैल, पिंप, राख, सगळं त्याच्या घरात घडलं होतं, आणि तो होस्टेलात बापाची नक्कल करत बसला होता.

कोंडाबाई शेळी ओरडायला लागली म्हणून उठून गेली, आणि पुढचं बोलणं दखनीत झालं. त्यानं आईला सगळं सांगितलं. चमक, संपत आलेलं आम्ल, साहेबांनी थोपटलेली पाठ, कोऱ्या जागेचा अहवाल. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, की ज्या माणसानं धातू बनवला तो आता कुठं आहे. तो म्हणाला, त्याच्या गावी, अणदूरला. तिनं गावाचं अंतर मनात मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पैले उसकू बोल. कागद बाद में." मग ती त्याच्यासाठी पिठलं टाकायला उठली. संध्याकाळी, उजेड होता तोवर, त्यानं अहवालाची तिन्ही पानं फाडली आणि नवीन लिहायला घेतली. लिहिताना त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी जागा लागली. पाऊण पानात सगळं मावलं.

दुसऱ्या दिवशी, तेरहून उस्मानाबाद, तिथून तुळजापूर, तिथून नळदुर्गच्या वाटेवर, अशा तीन गाड्या बदलून तो दुपारच्याला अणदूरला उतरला. रविवार, खंडोबाचा वार; देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर पायाखाली भंडारा होता आणि त्याचे बूट पिवळे झाले. वाटेभर त्यानं वाक्यं जुळवली होती. गुरुसिद्धप्पा चिडेल, कदाचित हाकलून देईल, कदाचित गावासमोर पाणउतारा करील. त्या प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं हे त्यानं ठरवलं होतं. गुरुसिद्धप्पा घराच्या ओट्यावर दावं वळत बसला होता. दाढी वाढलेली. लालमहंमदला बघून तो गडबडीनं उठला, साहेब घरी आले म्हणून घोंगडी झटकून अंथरली, आणि आत चन्नम्माला, बायकोला, चहाचं सांगितलं. "कागद गेला का साहेब?" त्यानं खाली बघतच विचारलं. "भट्टी बंद झाली आसंल."

लालमहंमद घोंगडीवर बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "गुरुसिद्धप्पा, स्पंजात खोट नव्हती. मी आम्लात चूक केली. सळयांत वायू शिरला तो माझ्या हातून. मला त्या दिवशीच कळलं होतं."

गुरुसिद्धप्पाच्या हातातलं दावं उलगडत गेलं. जुळवून आणलेली सगळी वाक्यं लालमहंमदच्या जिभेवर तयार होती. मग गुरुसिद्धप्पानं आपले डाग पडलेले हात उलटे-पालटे करून बघितले आणि अगदी हळू म्हणाला, "म्हंजी… माझा स्पंज चांगला व्हता."

"चांगला होता. इतका चांगला स्पंज मी बघितला नाही."

"चन्नम्मा," त्यानं आत हाक दिली, आणि त्याचा आवाज चिरकला. "ये बाहीर. ऐक. स्पंज चांगला व्हता म्हनं." ती पदराला हात पुसत दारात आली तसा तो लालमहंमदला म्हणाला, "हिला सांगा साहेब. तुमच्या तोंडानं सांगा. माझा हातगुन गेला म्हनून पंधरा दिस मीच सांगतुया हिला, आता माझ्यावर इस्वास न्हाय बसायचा हिचा."

लालमहंमदनं पुन्हा सांगितलं, शब्द न गाळता. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. चन्नम्मा त्याच्याकडं सरळ बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आन् पंधरा दिस तुमी गप कसं बसलाव?"

"भ्यालो होतो, वैनी," तो म्हणाला. याचं उत्तर त्यानं जुळवलेलं नव्हतं.

गुरुसिद्धप्पाचं तिकडं लक्षच नव्हतं. तो खुंटीवरचा सदरा अंगात घालत होता, वहाण शोधत होता. "सळया फेकल्या न्हाय न्हवं? निर्वात भट्टीत घालता येत्याल की. वायू बाहीर काडू. दमानं तापवाय पायजे, घाई क्येली तर वाकत्याल." एक वहाण सापडली, दुसरी ओट्याखाली होती, ती त्यानं वाकून ओढली. "रजा उद्याच्याला संपतीय, पन उद्या कशाला? हैदराबादची गाडी तीनला हाय. चहा राहू द्या साहेब, चला."